पथ्य उठवणारी

इंदू, तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं महिला मंडळाने मला सांगितलंय. बघ, गेलीस तरी तुझं काम माझ्याच गळ्यात. जन्म कुठला, शिक्षण किती, नागपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आलेली आमच्या घरातली पहिली सून, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, हे सगळं अध्यक्षीणबाई शोकसभेत बोलल्या. बोलता बोलता रडल्याही. मी रडले नाही. मी तुझी थोरली जाऊ, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि मी बसल्या जागी जळत होते. खोटं कशाला सांगू? तू होतीस तेव्हा जळले, तू नाहीस तरी जळतेच आहे. इतक्या वर्षांची सवय, एका न्यूमोनियाने थोडीच सुटते!

त्यात तुझी ती उंच वेणीवाली विद्यार्थिनी उठली. डोळे पुसत म्हणाली, "बाईंनी आम्हाला रक्तातल्या पांढऱ्या पेशी फडक्यावरून शिकवल्या, ते आम्ही जन्मात विसरणार नाही." सगळ्या सभेने माना हलवल्या. अगं, ते फडकं माझं! माझ्या चुलीवरचं, माझ्या हातातलं, माझ्या तोंडून निघालेलं. उठून सांगावंसं वाटलं, पण शोकसभेत कुणी फडक्यावरून भांडतं का? बसले गप्प. आता इथे लिहिते, म्हणजे निदान तुझ्याशी तरी भांडता येईल.

तू आलीस त्याच्या वर्षभर आधीच राज्यांची नवी वाटणी झाली होती. तुझं माहेर मुंबईच्या राज्यात गेलं, हे बुऱ्हाणपूरचं सासर भोपाळच्या. मी तुला चिडवायची, "इंदू, तू तर परदेशात पडलीस!" मी तुकईथडची, चौथी पास. माझं माहेर सरहद्दीला टेकलेलं, पण जागचं हललं नाही, आणि मीही नाही. तुझं मात्र सगळंच हललं. शाळेत सांगितलं, आता शिकवणं हिंदीतून. तू पोळ्या लाटता लाटता घोकायचीस, "श्वेत कणिकाएँ रोगाणुओं को निगल लेती हैं." मी पोटभर हसायची. भाजीवालाही हसायचा, म्हणायचा, "भाभी, भाजी में भी पढ़ाई?" आणि तू त्यालाच विचारायचीस, उच्चार बरोबर आला का. हा तुझा स्वभाव मला पहिल्या दिवसापासून खुपला. न येणारी गोष्ट येत नाही म्हणून सरळ सांगायची आणि दोन महिन्यांत आमच्यापेक्षा बरी करून दाखवायची. सासूबाई लग्नानंतर वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. तुला आल्या आल्या विचारायला लागल्या, "इंदू, तुले काय वाटतं?"

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण तू माझ्या लेकीला, लताला हात घातलास.

तुला आठवत असेल ती कशी होती. तू यायच्या आधी तिला मुदतीचा ताप आला होता. पोर हातची गेलीच होती. वैद्यबुवांनी वाचवली, हे तूही कधी नाकारलं नाहीस. ताप उतरल्यावर बुवांनी पथ्य लावलं. जुन्या तांदळाची पेज, मुगाचं वरण, दोडका नाहीतर पडवळ, तेही शिजवून पाणी फेकून दिलेलं. आंबट बंद, कच्चं बंद, पालेभाजी बंद, तेल-शेंगदाणे बंद. केळं आणि पेरू यांचं तर नावच काढायचं नाही, कफ होतो. दापोऱ्याला आपली केळीची बाग. वॅगनी भरभरून घड दिल्लीला जायचे आणि घरची पोरगी दुसऱ्यांनी टाकलेल्या सालीकडे बघत बसायची.

आणि आपल्या घरची रीत अशी की पथ्य ज्याने लावलं त्यानेच उठवायचं. वैद्याने "आता मोकळी" म्हटल्याशिवाय घास बदलायचा नाही. मध्येच मोडलं तर दुखणं उलटतं. तेवढ्यात ती राज्यांची वाटणी झाली, कचेरीतली माणसंही वाटली गेली. बुवांचा मुलगा तिकडच्या वाट्याला गेला आणि बुवा बिचारे भांड्याकुंड्यांसकट अकोल्याला. आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. बुवांनी लताच्या डोक्यावरून हात फिरवला, आम्ही त्यांना दशम्या बांधून दिल्या, गाडी सुटली, आणि पथ्य उठवायचं ना त्यांच्या लक्षात आलं ना आमच्या! मागाहून पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. मग काय, पथ्य तसंच चालू राहिलं. वर्ष गेलं, दुसरं लागलं.

तिचं सारखं तोंड यायचं. हिरड्या सुजायच्या, दात घासताना रक्त यायचं. एक गळू बसलं की दुसरं वर. खेळताना गुडघा खरचटला तर महिनाभर ओला. येता-जाता ताप. आम्हाला वाटायचं पोरगी मुळातच नाजूक, म्हणून आम्ही पथ्य आणखी कडक करायचो. डॉक्टर मलम द्यायचे, सुई टोचायचे. खायला काय देता हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. घरचं पथ्य ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

तू विचारलंस. हातावरची मेहंदी उतरली नव्हती तुझ्या. लताला जवळ घेऊन ओठ उलटा करून बघितलास आणि मला म्हणालीस, "वहिनी, हिला शेवटचं लिंबू कधी दिलं होतं?"

"आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात शिरू नकोस," मी म्हटलं.

दुसरी कुणी असती तर रुसली असती. तू दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच येऊन बसलीस. मी भाजीला वांगी चिरत होते. तू एक उचललंस, उभं कापलंस, एका अर्ध्यावर लिंबू पिळलंस आणि दोन्ही अर्धी ताटलीत ठेवून दिलीस. "यांना हात लावू नका बरं का, वहिनी." माझी पोळी होईपर्यंत एक अर्ध काळवंडलं होतं. लिंबू पिळलेलं होतं तसं होतं.

"हवेतल्या ऑक्सिजनने हे जळतं," तू म्हणालीस. "लिंबातलं सत्त्व ते जळणं आधी स्वतःवर घेतं."

"मग? चिरलेली वांगी उघडी ठेवू नयेत एवढं मलाही कळतं. त्यासाठी बी.एस्सी. कशाला?"

"ऐका तर. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू शिरला की त्या त्याला गिळतात आणि पोटात जाळून मारतात. पण ती आग त्यांनाही भाजते. हे सत्त्व जवळ असलं तर त्या तग धरतात. नसलं तर जंतूच्या आधी त्याच गळतात, जखमेपर्यंत धड पोचतही नाहीत. सगळं अजून शास्त्रज्ञांनाही पुरतं कळलेलं नाही, पण एवढं दिसतंय."

मी तेव्हा वरणाचं पातेलं उतरवत होते. सहज बोलून गेले, "म्हणजे हातात फडकं नसताना उकळतं पातेलं उतरवायला सांगायचं. हात भाजणार, पातेलं सुटणार आणि सगळं पायावर."

तू ओरडलीस, "वहिनी! अहो, अगदी हेच!" आणि माझ्या हातातलं ते मळकट फडकं घेऊन उलटंपालटं बघत बसलीस. मग हळूच म्हणालीस, "लताच्या पेशींना कुणी फडकंच दिलं नाही. त्यातून दुखण्यात ते जास्त लागतं, लवकर संपतं. आणि आपण नेमकं दुखण्यातच बंद करतो." नुसतं लिंबू नव्हे, म्हणालीस. आवळा, पेरू, मेथी, गाजर, शेंगदाणे, प्रत्येकातलं सत्त्व निराळं, आणि एक दुसऱ्याला राखतं.

मला पटलं होतं, इंदू. पटलं म्हणून तर राग आला. दोन वर्षं मी त्या पोरीच्या उशाशी बसले होते आणि तू चार दिवसांत, एका वांग्यावर, तिला काय हवं ते सांगून मोकळी झालीस.

सासूबाईंपुढे विषय निघाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यानं पथ्य लावलं त्यानंच सोडावं. उद्या पोरीले काही झालं तं तू भरून देशील का वं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी काय म्हणते याची वाट बघत होतीस, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "पोर माझी आहे. बुवांनी सांगितल्याशिवाय मी काही देणार नाही." एकदा आपल्या हाताने काही दिलं आणि ताप उलटला, तर मी कुठे तोंड दाखवणार होते? सासूबाईंना नव्हे ग. स्वतःलाच.

मग तू अकोल्याला गेलीस. मावशीला भेटून येते आणि बुवांनाही विचारते, म्हणालीस. नवी सून, एकटी, भुसावळला गाडी बदलून जाणार! गल्लीत चर्चा झाली. भावजी कधी नव्हे ते आईपुढे बोलले, "जाऊ दे तिला." तेही मला खुपलं. आमचे हे माझ्यासाठी आईपुढे असं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू परत आलीस. टांगा थांबला तशी लता धावत गेली. तू दारातूनच ओरडलीस, "शिवू नकोस ग, थांब!" आणि तशीच आत जाऊन, ऐन थंडीत, गार पाण्याने डोक्यावरून न्हालीस. "केसांत इंजिनाचा कोळसा भरलाय," म्हणालीस. मी मनात म्हटलं, बघा नागपूरचे नखरे. आजारी पोर हात पसरून उभी आहे आणि हिला केस धुवायचे पडलेत.

ओल्या केसांनी येऊन तू सासूबाईंच्या पाया पडलीस. "बुवा भेटले. फार थकलेत. म्हणाले, पथ्य केव्हाच उठलं, महिन्याभराचंच होतं ते. आवळ्यापासून सुरुवात करा." सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. तू पिशवीतून आवळे काढलेस, एक किसलास, मीठ चोळलंस. मी वाटी घ्यायला हात पुढे केला. माझी लेक, दोन वर्षांनी चवीचा घास, तो द्यायला आई नको का? तू वाटी दिली नाहीस. "नको वहिनी, मीच देते," म्हणालीस, आणि लताच्या तोंडात घास घातलास. तिने एक डोळा गच्च मिटला, जीभ टाळ्यावर वाजवली आणि पुन्हा आ केला. तुझ्याकडे बघून.

तो घास मी विसरले नाही. तुला कधी बोलून दाखवलं नाही, पण प्रत्येक भांडणात, पाण्यावरून असो की पापडावरून, आत तोच असायचा.

लता लगेच बरी झाली नाही. तूच सांगायचीस, ही जादू नव्हे, रिकामी कोठी भरायला वेळ लागतो. आधी हिरड्यांचं रक्त थांबलं. मग गुडघ्यावरची जुनी जखम सुकली आणि खपली पडली. एक गळू आलं, ते बसलं, आणि आम्ही दुसऱ्याची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. त्या संक्रांतीला पोरीने भोगीच्या भाजीतली गाजरं वेचून खाल्ली. मी देवापुढे साखर ठेवली आणि आत जाऊन रडले. आनंदाने रडले, इंदू, ते खरंच. पण बाहेर ती तुझ्या मांडीवर बसली होती.

पुढे सगळं तसंच. पडली की माझ्यावरून धावत तुझ्याकडे. "काकू सांगते तसं कर ना, आई." "काकूच्या वेणीसारखी घाल." रात्री माझी पोर तुझ्या पांघरुणात, आणि तू म्हणायचीस, "राहू दे ना, वहिनी, झोपलीय." तुला मूल नव्हतं. बायका तोंडावर बोलायच्या, मी कधी बोलले नाही, एवढं माझं पुण्य. पण मनात यायचं, हिला एखादं होऊ दे रे देवा, म्हणजे माझी मला परत मिळेल. बघ कसला नवस! त्यात तुझं भलंच मागत होते आणि तरी तो चांगला नव्हता.

बुवा वारल्याचं आपल्याला पुढे कधीतरी कुणाकडून तरी कळलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं माय, जायच्या आधी पोरीचं पथ्य तरी उठवून गेला." तू मेथी निवडत होतीस. मान वर केली नाहीस. मला वाटलं, तुला वाईट वाटलं असेल.

आणि ह्या पौषात तू स्वतः पडलीस. रोज ताटावर लिंबू पिळणारी बाई तू! भावजींनी खंडव्याहून डॉक्टर आणले, पेनिसिलिनच्या सुया झाल्या. मी तुझी छाती शेकत होते आणि मला इतका संताप आला की विचारलं, "कुठे मेल्या तुझ्या त्या पांढऱ्या पेशी? आत्ता नाहीत तर कधी?" श्वास लागत होता तरी हसलीस. म्हणालीस, "वहिनी, फडकं असलं तरी कधी कधी पातेलंच फार मोठं असतं." माझंच फडकं, आणि माझ्यावरच! त्यानंतर माझ्याशी तू नीट काही बोलली नाहीस. लताला शोधत होतीस.

दहाव्याला तापीवर, राजघाटावर, पिंडाला कावळा शिवेना. आम्ही बायका लांब पायरीवर उभ्या. भावजी म्हणाले, तुझ्या नावाने शाळेला पुस्तकं देईन. कावळा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला मी जपते. नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, मोठ्याने म्हटलं, "इंदू, लताची काळजी करू नकोस. तिला मी सांभाळीन." कावळा माझ्याकडे बघून पंख साफ करत बसला. अगं, तिची आई आहे मी! माझ्या शब्दावर विश्वास नाही?

तेवढ्यात लता माझ्या मागून पुढे आली. म्हणाली, "काकू, तू नाहीस तर मी आंबट खाणार नाही. आवळा नाही, लिंबू नाही, पेरू नाही. कधीच नाही." आणि कावळा झेपावला.

सगळे हात जोडून सुटकेचा श्वास टाकत होते. मला मात्र पोरीच्या त्या सुजलेल्या हिरड्या दिसायला लागल्या. त्यातही आधी काय वाटलं सांगू? आधी वाटलं, तिच्या शब्दाला शिवला, माझ्या नाही. मग भीती वाटली. हा क्रमच माझा.

घरी आल्यावर तिने खरंच सगळं बाजूला सारलं. वरणावर लिंबू नको. चटणी नको. मेथीच्या भाजीचं नाव यादीत नव्हतं, पण ती तू निवडायचीस म्हणून तीही नको. मी समजावलं, रागावले, एक धपाटाही घातला. "काकूला शब्द दिलाय. कावळा शिवलाय," एवढंच तिचं. सासूबाईही म्हणाल्या, पिंडाला दिलेला शब्द मोडायचा नसतो. म्हणजे घरात पुन्हा पथ्य आलं, आणि ज्याने ते उठवायचं तो माणूस पुन्हा गावाला गेलेला.

तेराव्यानंतर वैद्यबुवांचा मुलगा भेटायला आला. जुन्या घराच्या कामासाठी बुऱ्हाणपूरला आला होता, तुझं कळलं म्हणून ओसरीवर येऊन बसला. बोलता बोलता मी म्हटलं, "तुमच्या वडिलांचे उपकार. शेवटी शेवटी का होईना, इंदूशी बोलले, पोरीचं पथ्य उठवून गेले."

तो चमकून म्हणाला, "वहिनी, इंदूबाई आल्या तेव्हा बाबांना जाऊन आठवडाच झाला होता. सुतकात होतो आम्ही. त्यांनी विचारलं, लताचं पथ्य किती दिवसांचं होतं, बाबा कधी काही बोलले होते का? मी म्हटलं, बाई, मला त्यातलं काय ठाऊक? थोडा वेळ बसल्या. आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या."

मी चहा आणायला म्हणून आत गेले आणि चुलीपाशी बसून राहिले.

शिवू नकोस ग, थांब. ते गार पाणी. सुतकातल्या घरून आली होतीस तू, आणि मी नखरे म्हटलं. बुवा भेटले, फार थकलेत, म्हणालीस. सबंध वाट, भुसावळच्या फलाटावर, त्या गाडीत, हेच ठरवत आली असशील ना? आणि ती वाटी! तेव्हा कुठे मला ती वाटी कळली. पोरीचा ताप उलटला असता तर घास कुणाच्या हातचा, हे घर आधी विचारणार. माझ्या हातून गेला असता तर मी जन्मभर स्वतःला खाल्लं असतं. म्हणून तू मला दिली नाहीस. खोटंही तुझं, हातही तुझा. आणि मी इतकी वर्षं तो घास तू माझ्याकडून हिसकावलास म्हणून तुझ्याशी पापडांवरून भांडले.

आता तू समजशील की हिचा हेवा गेला. नाही ग बाई, वाढला! आधी लता तुझी झाली म्हणून जळायची. आता जळते ते यासाठी की माझ्या लेकीसाठी जे आईने करायला हवं होतं ते तू केलंस. आणि सांगितलंही नाहीस! एकदा सांगितलं असतंस तर मी तुझ्या पाया पडले असते, किंवा कडाडून भांडले असते, काहीतरी झालं असतं. तू मला दोन्हीतलं काही करू दिलं नाहीस. हे तुझं मला पटलेलं नाही, आणि याचं उत्तर तुला कधीतरी द्यावं लागेल.

काल दुपारी मी पेरू चिरला. चांगला पिकलेला, आतून गुलाबी. लता अभ्यास करत होती. मी ताटली तिच्यापुढे ठेवली.

"आई, मी शब्द दिलाय."

"ठाऊक आहे. तुझ्या काकूने जाण्याआधी मला सांगून ठेवलं होतं. म्हणाली, वहिनी, लता माझ्यासाठी काही सोडायचं म्हणेल. तिला म्हणावं, तुझा शब्द पोचला. पथ्य उठलं."

आयुष्यात मी लेकीशी एवढं मोठं खोटं बोलले नव्हते. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या तशाच आत वळल्या.

लता माझ्या डोळ्यांत बघत होती. "काकू असं म्हणाली? खरंच?"

"खरंच."

"कधी?"

"मी तिची छाती शेकत होते ना, तेव्हा."

मी फोड उचलली. दिली मीच, माझ्याच हाताने. तिने आ केला. चावता चावता डोळे भरून आले तिचे, माझेही. माझ्या हातची फोड, माझं खोटं, आणि नाव तुझं! माझ्या नावाने ती कधीच आ करणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तुझं नाव घेतलं.

घास गिळून झाला. नाक पुसलं तिने, आणि म्हणते कशी, "काकू मीठ लावून द्यायची."

मी तिच्याकडे बघितलं. मग उठले, आणि मीठ घेऊन आले.